काळ्या गाडीची उजळणी

काळी गाडी घेऊ नये, असं शोरूममधला विक्रेता सोडून सगळ्यांनी मला सांगितलं होतं. सासरे म्हणाले, ऊन धरते. मेकॅनिक म्हणाला, ओरखडे लपत नाहीत. बायको म्हणाली, "तुमच्याच्याने राहायची नाही." तिघांची कारणं वेगवेगळी आणि तिन्ही बरोबर. पण शोरूमच्या दिव्यांखाली बॉनेटमध्ये मला माझा चेहरा दिसला आणि तो घरच्या आरशातल्यापेक्षा चांगला दहा वर्षांनी तरुण होता. मग कोण कोणाचं ऐकतो!

आमच्या पुण्यात जुनी इमारत पाडणे आणि नवी बांधणे हा बारमाही कार्यक्रम असल्यामुळे धुळीला तोटा नाही. सोसायटीतल्या गाड्या पुसायला येणारा मुलगा एक बादली आणि एक फडका यांच्या बळावर अख्खं पार्किंग आटोपतो. ती धूळ म्हणजे बारीक वाळूच. कोरड्या फडक्यात धरून ती रोज रंगावर फिरवली की जे व्हायचं तेच झालं. एका सकाळी उन्हात पाहतो तर बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल रेघांचं जाळं!

मी त्या मुलाला झापलं, "गोल पुसतोस म्हणून असं होतं. उद्यापासून सरळ पूस." तो बिचारा सरळ पुसू लागला. रेघा गोलच. पुढे कळलं की ओरखडे वाटेल त्या दिशेचे असतात. त्यातले प्रकाशाला आडवे येणारे तेवढे चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल कडं दिसतं. आपण सरकलो की कडंही आपल्याबरोबर सरकतं. मी गाडीभोवती प्रदक्षिणा घालून याची खातरजमा केली. वॉचमनने विचारलं, "साहेब, काही हरवलंय का?"

दसरा तोंडावर आला होता. असली गाडी पूजेला उभी करणं मला पटेना. मी अभ्यासाला लागलो. त्यातून हाती आलेलं पहिलं ज्ञान भयंकर होतं. ओरखडा हा 'काढता' येतच नाही. रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो घासून ओरखड्याच्या तळाशी आणायचा. म्हणजे भिंतीला खड्डा पडला तर तो बुजवायचा नाही, सगळी भिंतच खड्ड्याएवढी तासून काढायची! आणि हा क्लिअर कोट असतो किती? साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस सत्तरच्या आसपास असतो. माझ्या डोक्यावर केसांची जी अवस्था आहे ती पाहता, त्याहून पातळ वस्तू सांभाळण्याचं काम मी अंगावर घ्यायलाच नको होतं.

पण तोवर सामान आलं होतं. शांपू, क्ले, कंपाऊंड, पॉलिश, वॅक्स, मायक्रोफायबरचे कपडे. मशीन तेवढं राहिलं होतं. त्यासाठी ड्युअल अॅक्शन पॉलिशर वापरतात. त्याचं पॅड फिरता फिरता डुलतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. त्याची किंमत पाहिली आणि मला कोपऱ्यावरचा ग्रिलवाला आठवला. त्याच्याकडे ग्राइंडर होता. त्याला पुढे स्पंजचं पॅड लावलं की झालं, फिरणं महत्त्वाचं! पॉलिशिंगचं मशीन मिनिटाला हजार-दोन हजार फेऱ्यांवर चालवतात आणि लोखंड कापायचा ग्राइंडर अकरा हजारांच्या घरात फिरतो, हा तपशील मला काम लवकर उरकण्याच्या दृष्टीने सोयीचाच वाटला.

अष्टमीच्या सकाळी गाडी धुतली. मग क्ले. ही मळलेल्या कणकेसारखी वडी ओल्या रंगावर फिरवली की रुतून बसलेली घाण ती ओढून घेते. तिचा एकच नियम आहे: जमिनीवर पडली की फेकून द्यायची. ती पडली. पण आमची पिढी पडलेला लाडू फुंकर मारून खाणारी. मी वडी उचलली, फुंकर मारली, विजारीला पुसली आणि पुन्हा बॉनेटवर फिरवली. पार्किंगमधले खडे तिच्यात बसले होते. आतापर्यंत गाडीवर निदान दुसऱ्याने पाडलेले ओरखडे होते.

मग बॉनेटवर कंपाऊंडचा गोळा ठेवून मी ग्राइंडर सुरू केला. पॅड टेकण्याआधीच तो गोळा उडाला आणि भिंतीवर, शेजारच्या स्कूटरवर आणि 'पार्किंगमध्ये गाड्या धुऊ नयेत' या सोसायटीच्या पाटीवर समान वाटला गेला. दुसऱ्या खेपेला मी पॅड आधी टेकवलं. मशीनने मला बॉनेटवरून ओढत नेलं, पण रेघा खरोखरच दिसेनाशा होऊ लागल्या! मला हुरूप आला. बॉनेटच्या मधोमध जी उंच कड असते तिच्यावर जरा जास्त जोर दिला. तिथे काहीतरी जळाल्याचा वास आला. पांढरं पॅड बघता बघता काळं झालं.

"बघा काका, किती मळ निघतोय!" मी तळमजल्यावरच्या काकांना अभिमानाने पॅड दाखवलं.

काकांनी चष्मा वर केला, पॅड पाहिलं, बॉनेट पाहिलं. "अरे, मळ कसला? गाडीच निघतेय ती."

खरंच होतं. क्लिअर कोट घासला तर पॅडवर काळा रंग येत नाही. तो आला म्हणजे खालच्या थराला हात लागला. कडेवर हा थर आधीच पातळ, म्हणून जाणकार तिथे मास्किंग टेप लावून मगच मशीन चालवतात. टेपही मी आणली होती. ती कंपाऊंडच्या खोक्याचं झाकण चिकटवायला वापरली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ग्रिलवाल्याने ग्राइंडर परत नेला आणि हळदकुंकू वाहून त्याची पूजा केली. शस्त्र म्हणून त्याची योग्यता मी आदल्या दिवशीच सिद्ध केली होती. दसऱ्याला माझ्या गाडीला नेहमीपेक्षा बराच मोठा, बॉनेटच्या मधोमध लोळणारा झेंडूचा हार घातला. तो सुकला तरी बायकोने काढू दिला नाही.

शेवटी पेंटरने बॉनेट पूर्ण रंगवून दिलं. आता ते इतकं झकास दिसतं की दारांवरच्या रेघा लांबूनही मोजता येतात. मी दारांकडे पाहू लागलो की बायको माझ्याकडे पाहू लागते.

तेव्हा काळी गाडी असलेल्यांना माझी विनंती आहे. कोरड्या फडक्याने गाडी कुणालाही पुसू देऊ नका. आधी भरपूर पाण्याने धूळ उतरवा आणि शांपूची व फडका खळबळायची बादली वेगळी ठेवा. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो पॉलिशने जायचा नाही. नाही अडकलं, तर सावलीत, हाताने, सगळ्यात सौम्य पॉलिश एका कोपऱ्यात लावून पाहा. तिथेही समाधान झालं नाही, तर गाडी सावलीतच उभी ठेवा. सावलीत एकही रेघ दिसत नाही, आणि सावली फुकट असते.