निवृत्त साहेबांच्या सेवेसी सादर

प्रति,
मा. निवृत्त सहसंचालक साहेब
(व त्यांच्यासारखे समस्त निवृत्त साहेब), पुणे

विषय : दृष्टिहीन विद्यार्थ्यांची विनामूल्य सेवा करण्याच्या आपल्या इच्छेबाबत.

महोदय,

अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन आपण घरी परतलात आणि पंधरवड्याच्या आत घरच्यांनी आपल्याला समाजाच्या हवाली केलं, याबद्दल समाजाच्या वतीनं आभार. समाज म्हणजे इथे मी. टी.वाय.बी.ए., राज्यशास्त्र, जन्मापासून दृष्टिहीन.

आपली गरज आहे, ही थट्टा नाही. संगणकाचा पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या एका दृष्टिहीन तरुणानं ते २००६ मध्ये सुरू केलं, त्याचं भलं होवो. पण ग्रंथालयातलं जुनं, फिकट छपाईचं मराठी पुस्तक स्कॅन केलं की जोडाक्षरांचे असे तुकडे होतात, की राष्ट्रवादाच्या प्रकरणात राष्ट्रच सापडत नाही. तिथे माणसाचा आवाज लागतो. एक खोली, एक माइक, समोर पुस्तक आणि पंखा बंद, कारण त्याची घरघर रेकॉर्ड होते.

आपण आमच्या वाचन केंद्रावर आलात आणि विचारलंत, ‘इथे रिपोर्टिंग कोणाला करायचं?’ मी म्हटलं, मला. आपल्याला तो विनोद वाटला.

मग आपण प्रकाशकांच्या लेखी परवानगीचा मुद्दा काढलात. साहेब, २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. नफा न कमावता दिव्यांगांसाठी पुस्तकाची वाचता-ऐकता येईल अशी प्रत करायला परवानगी लागत नाही. पुढे याच विषयावर माराकेश इथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला अधिकृत मान्यता देणारा पहिला देश होता भारत. ती फाइल आपल्या टेबलावर आली नसावी. दरम्यान आपण तयार केलेला परवानगी-अर्जाचा मसुदा उत्तम होता. पुस्तकाचं एक पानही वाचून झालं नव्हतं, एवढंच.

अखेर वाचन सुरू झालं. आवाज भारदस्त, शंकाच नाही. मी रेकॉर्डिंग दुप्पट वेगानं ऐकतो, त्यामुळे भारदस्तपणा आपोआप निम्मा होतो. अडचण वेगळी आहे. ‘पुढील तक्त्यावरून स्पष्ट होते’ हे वाक्य आपण वाचता आणि तक्ता ओलांडून थेट पुढच्या परिच्छेदावर जाता. काय स्पष्ट झालं ते आपल्या दोघांत आपल्यालाच कळतं. उलट लेखकानं नोकरशाहीवर चार ओळी टीका केली, की आपण त्याला मध्येच थांबवून नऊ मिनिटं खुलासा करता. तो खुलासा परीक्षेला नाही, साहेब.

फोटोंबद्दलही थोडं. ब्रेल दिन ४ जानेवारीला आणि पांढरी काठी दिन १५ ऑक्टोबरला येतो. या दोन दिवशी आमच्याकडे बिस्किटांचा आणि माणसांचा पूर येतो. अशाच एका दिवशी काढून आपण आपल्या ग्रुपवर टाकलेला फोटो फार छान आलाय म्हणतात. आम्हाला ऐकीव माहितीवर समाधान मानावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. परीक्षेला रायटर, म्हणजे मी सांगेन ते उत्तर लिहिणारा लेखनिक, मिळत नाही हे ऐकून आपण म्हणालात, ‘मी बसतो, एवढं काय!’ साहेब, आपण पीएच.डी. आहात. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उमेदवारानं स्वतः आणलेला लेखनिक तेव्हा त्याच्याहून एक पायरी कमी शिकलेला लागत असे. आयुष्यात प्रथमच आपली पदवी आपल्याला आडवी आली. ‘मी वर बोलतो’ म्हणालात; पण वर जे बसलेत त्यांनीच तर ही सूचना काढलीय. आणि खरं सांगू? नियम नसता तरी मी घाबरलोच असतो. रायटरनं मी सांगेन ते लिहायचं असतं. चुकीचं सांगितलं तरी चुकीचंच. माझ्या वाक्याखाली ‘सुधारित मसुदा सादर’ असा शेरा चालत नाही.

सुदैवानं आपल्याच घरात पात्र लेखनिक निघाली, आपली पत्नी. काकूंचं शिक्षण बारावीनंतर लग्नामुळे थांबलं होतं. त्या आल्या, हॉल तिकीट नीट वाचलं आणि म्हणाल्या, ‘तू बोल, मी लिहिते.’ तीन तासांच्या पेपराला तासामागे वीस मिनिटं जादा, म्हणजे चार तास. त्या चार तासांत त्यांनी एकदाच मला थांबवलं, ‘उपप्रश्न क राहिलाय’ एवढं सांगायला. समोरच्याचं पूर्ण ऐकून घेण्याची सवय त्यांना कुठे लागली, हे मी विचारलं नाही.

तर आपल्यासाठी काम असं आहे. दर मंगळवारी अकरा वाजता यावं, प्रकरण चारपासून पुढे वाचावं, तक्ते आडव्या ओळीनं वाचावेत, तळटीपा गाळू नयेत, स्वतःच्या घालू नयेत. शिपाई नाही, चहाचा कप आपला आपण विसळायचा. ‘मानद सल्लागार’ हे पद सध्या रिक्त नाही, कारण ते कधी निर्माणच झालेलं नाही.

कळावे,
आपला (मंगळवारपुरता) वरिष्ठ,
टी.वाय.बी.ए., राज्यशास्त्र

ता. क. : मार्च-एप्रिलमध्ये आपण उभयता लेकीकडे अमेरिकेला निघणार असल्याचं समजलं. आमच्या परीक्षा नेमक्या तेव्हाच असतात. आपण एकटे जाऊन आलात तर केंद्राची काहीच हरकत नाही.