ओळंब्याबाहेर

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ज्याची अभिरुची घडली, त्या गृहस्थाची अशी पक्की समजूत असते की संग्रहालय म्हणजे आतल्या वस्तू, आणि इमारत म्हणजे त्या वस्तूंवरचे छप्पर. अडकित्ते, दिवे आणि मस्तानी महाल डोळे भरून पाहून बाहेर पडलेल्या अशा माणसाला बाहेरच्या भिंतीचा रंग विचारला तर तो सांगता येणार नाही, आणि सांगता न आल्याची खंतही वाटणार नाही. स्पेनच्या उत्तरेला, बास्क लोकांच्या मुलखात, बिल्बाओ नावाचे जे शहर आहे तेथे मात्र हा क्रम उलटा झाला आहे. तेथील गुगेनहाइम संग्रहालयासाठी देशोदेशींहून जी माणसे येतात, त्यांतल्या पुष्कळांना आत काय मांडले आहे याची वार्ता नसते, आणि कित्येक तर आत पाऊल न टाकताच, बाहेरून प्रदक्षिणा घालून आणि छायाचित्रे काढून, कृतार्थ मुद्रेने माघारी वळतात. कळसाचे दर्शन घेतले तरी देवदर्शनाचे पुण्य लागते असे मानणाऱ्या समाजात वाढल्यामुळे मला या वर्तनाचे विशेष नवल वाटले नाही.

नवल वाटले ते आमचे साडू भाऊसाहेब यांना. भाऊसाहेबांनी एका बांधकाम खात्यात उभी हयात घालवली आणि उपअभियंता म्हणून ते सेवानिवृत्त झाले. शाळा, चावड्या, धर्मशाळा आणि रस्त्याखालच्या मोऱ्या असा त्यांचा पसारा. कोणतीही इमारत दिसली की आधी एक डोळा मिटून तिचा कोपरा पाहायचा, मग भिंत ओळंब्यात आहे की नाही ते पाहायचे, आणि शेवटी कंत्राटदाराचे नाव विचारायचे, ही त्यांची ठरलेली वहिवाट असून तिच्यातून ताजमहालही सुटलेला नाही. अशा माणसाला सोबत घेऊन बिल्बाओला जाण्याची कल्पना आमच्या सौभाग्यवतींची आणि त्यांच्या थोरल्या भगिनींची, म्हणजे ताईंची. या दोघींनी एकदा ठराव संमत केला की साडूंनी फक्त सह्या करायच्या असतात.

विमानतळापासूनच भाऊसाहेबांची तपासणी सुरू झाली. सान्तियागो कालात्राव्हा या विख्यात वास्तुकाराने बांधलेली, 2000 साली उघडलेली ही पांढरीशुभ्र इमारत पंख उभारलेल्या पक्ष्यासारखी असून तेथील लोक तिला कबुतरच म्हणतात. परंतु आरंभी तीत अशी एक गंमत होऊन बसली होती की उतरलेल्या प्रवाशाला न्यायला आलेल्या आप्तेष्टांनी थांबायचे कोठे, तर बाहेर उघड्यावर. आणि बिल्बाओ हे पावसाचे गाव. पुढे तेथे काचेची भिंत घालून या मंडळींची सोय लावण्यात आली. हा वृत्तान्त मी सांगितला तेव्हा भाऊसाहेब क्षणभर विचार करून म्हणाले, “म्हणजे नकाशा काढणाऱ्याला घ्यायला कधी कोणी आलेलं दिसत नाही.”

याच वास्तुकाराचा झुबीझुरी नावाचा पादचारी पूल नेर्व्हियोन नदीवर आहे. 1997 साली तो खुला झाला. त्याची जमीन काचेच्या लाद्यांची, आणि काच पावसात निसरडी होते हे निसर्गाचे कलम कोणत्याही वास्तुकाराला रद्द करता येत नसल्यामुळे तेथे इतकी माणसे आपटली की अखेर नगरपालिकेला त्या सुंदर काचेवर जाजम अंथरावे लागले. पुढे दुसऱ्या एका वास्तुकाराची वाट या पुलाला जोडण्यासाठी पालिकेने पुलाचा कठडा कापला, तेव्हा आपल्या कलाकृतीचा अवयवच्छेद झाला म्हणून कालात्राव्हा यांनी फिर्याद गुदरली, आणि 2009 साली न्यायालयाने त्यांना तीस हजार युरोंची भरपाई देवविली. भाऊसाहेब जाजमावरून तोल सांभाळीत तो कठडा कितीतरी वेळ न्याहाळत राहिले. “आमच्याकडे पुलाचा अख्खा कठडा रात्रीतून भंगारात जातो,” ते म्हणाले, “आणि फिर्याद तर सोडाच, साधा अर्जही येत नाही.”

संग्रहालयाच्या दारात प्रथम भेटतो तो कुत्रा. अमेरिकन शिल्पकार जेफ कून्स यांचे ‘पप्पी’ नावाचे हे टेरियर जातीचे पिल्लू बारा मीटरांहून उंच असून त्याची सारी लव सजीव फुलझाडांची आहे. ही झाडे वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, बदलतात, आणि पोटातल्या नळांमधून त्यांना पाणी पोहोचते. समोरची प्रचंड वास्तू हे या कुत्र्याचे घर होय, असा विनोद गावात रूढ आहे. आमच्या सौ. आणि ताई यांनी या प्राण्याला विनाअट मान्यता दिली. भाऊसाहेबांनी माळ्यांचा पगार कोणत्या लेखाशीर्षाखाली पडतो याची पृच्छा केली, पण उत्तर देण्यास कोणी अंमलदार हजर नव्हता.

आणि मग ती इमारत. तिचे वर्णन करण्याचा प्रयत्न जगातल्या बहुतेक भाषांत झाला आहे: कोणाला तीत जहाज दिसते, कोणाला मासा, कोणाला फूल. मला स्वतःला आमच्या सौ.चे मत अधिक पटते, की तुपात सोडल्याबरोबर पदर सुटलेल्या चिरोट्याची ही मूर्ती आहे. दगड, काच आणि टायटॅनियम यांच्या त्या वळणांमध्ये एकही रेष दुसरीशी काटकोनात वागायला तयार नव्हती, आणि भाऊसाहेबांना आज प्रथमच एक डोळा मिटूनही काही फायदा होत नव्हता, दोन्ही मिटूनही होत नव्हता. “कोपरा कुठे आहे?” त्यांनी मला विचारले, आणि त्या प्रश्नात एक प्रकारची अनाथ आर्तता होती.

मी त्यांना इतिहास सांगून धीर देण्याचा प्रयत्न केला. लोखंडाच्या खाणी, पोलादाच्या भट्ट्या आणि जहाजांच्या गोद्या यांवर हे गाव पोसले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे उद्योग एकामागून एक बसले; 1983 साली महापूर आला; नदी इतकी मलिन झाली की तिच्या काठी कोणी फिरकेना. अशा वेळी बास्क सरकारने, लोक बेकार असताना, परक्या देशातल्या एका कलासंस्थेशी करार करून, नदीकाठच्या त्या ओसाड जागेवर चित्रे टांगण्यासाठी कोट्यवधींचा खर्च मांडला. गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला, वर्तमानपत्रांनी झोडपले. कॅनडात जन्मलेले अमेरिकन वास्तुकार फ्रँक गेरी यांना काम मिळाले, आणि त्यांनी ही वळणे आखण्यासाठी जी संगणक-प्रणाली वापरली ती मुळात फ्रान्समध्ये लढाऊ विमानांच्या आराखड्यासाठी घडवलेली होती.

“भिंतीसाठी लढाऊ विमान,” भाऊसाहेब पुटपुटले.

मात्र पत्र्याची हकीकत त्यांना भावली. गेरींना आधी साधे न गंजणारे पोलाद हवे होते, पण बिल्बाओच्या ढगाळ उजेडात ते निस्तेज दिसे. टायटॅनियमचा तुकडा मात्र पावसाळी दिवशी सोन्यासारखा उजळला. एरवी ही धातू परवडणारी नव्हती. परंतु त्याच सुमारास रशियाने आपला साठा बाजारात काढला आणि भाव गडगडला. त्या संधीत सुमारे तेहतीस हजार पत्रे, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ, या इमारतीच्या अंगावर चढले. “बाजारभाव पाहून खरेदी केली,” भाऊसाहेबांनी मान डोलावली, “हे काम कारकुनाचं नाही, माणूस जाणता असला पाहिजे.” प्रतिकूल पंचनाम्यात अनुकूल म्हणून नोंदली गेलेली ही पहिली बाब.

नदीच्या बाजूला लुईज बुर्ज्वा यांचा कांस्याचा कोळी उभा आहे. सुमारे नऊ मीटर उंचीच्या या मादीचे नाव ‘मामाँ’, म्हणजे आई, कारण शिल्पकर्तीची आई जुन्या विणलेल्या भित्तिवस्त्रांची दुरुस्ती करीत असे. हे ऐकून ताई म्हणाल्या, “आठ हात असल्याशिवाय आईचं भागतं का?” या शिल्पावर जे समीक्षाग्रंथ लिहिले गेले आहेत त्यांच्या लेखकांनी ही बाई आधी भेटली असती तर पुष्कळ कागद वाचला असता. पलीकडे अनिश कपूर यांचा चकचकीत पोलादी गोळ्यांचा मनोरा आहे. कपूर मुंबईचे, 1954 सालचा त्यांचा जन्म. त्यामुळे आमच्या मंडळात एकदम आपलेपणाचे वातावरण पसरले, आणि सौ.नी त्या त्र्याहत्तर गोळ्यांपैकी सोयीचा एक पाहून कुंकू सारखे केले. कलाकृती आणि रसिक यांचे इतके निकटचे आणि परस्परांस उपयुक्त नाते मी अन्यत्र पाहिलेले नाही.

तोच पायांखालून धूर निघू लागला. ताई ओरडल्या, भाऊसाहेबांनी शिस्तीने सर्वांना मागे सारले, आणि आगीचा बंब कोठे याची विचारपूस करण्यासाठी ते पहारेकऱ्याकडे धावले. पहारेकरी हसत राहिला. दर तासाला पाण्यावरून उठणारे ते धुके हेही एक शिल्पच असून ते फुजिको नाकाया या जपानी कलावतीचे आहे, ज्यांच्या वडिलांनी प्रयोगशाळेत कृत्रिम हिमकण घडवण्याचा पहिला मान मिळवला. बाप बर्फ करतो आणि मुलगी धुके, हे घराणे भाऊसाहेबांना आदरणीय वाटले. पण धुक्याचे मोजमाप वहीत कसे चढवायचे हा प्रश्न त्यांच्या कपाळावर दिवसभर स्पष्ट वाचता येत होता.

आत शिरल्यावर पन्नास मीटर उंचीचा मध्यमंडप लागतो, आणि तेथे मान मागे टाकून उभा राहिलेला प्रत्येक माणूस, त्याचा देश कोणताही असो, काही काळ मूर्ख दिसतो. भाऊसाहेबांच्या सुदैवाने येथील दालनांपैकी दहा दालने सरळ काटकोनी आहेत, आणि ती बाहेरून दगडी आवरणावरून ओळखता येतात. असे पहिले दालन लागले तेव्हा “इथे कोपरा आहे!” म्हणून ते जे आत गेले ते त्या कोपऱ्याकडे पाहतच राहिले, भिंतीवर चित्र कोणते होते हे त्यांना आजही सांगता यावयाचे नाही.

त्यांतल्याच एका दालनात साय टूम्ब्ली यांची नऊ चित्रे होती, कोमोडस नावाच्या क्रूर रोमन बादशहावरची, 1963 सालची: करड्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या-तांबड्या रंगाचे लोळ, ओघळ आणि मधूनच पेन्सिलीच्या रेघोट्या. न्यूयॉर्कमध्ये ती प्रथम मांडली तेव्हा टीकाकारांनी त्यांची खिल्ली उडवली आणि एकही विकले गेले नाही, हे कळताच ताईंचा त्या टीकाकारांबद्दलचा आदर दुणावला. शेजारच्या दालनांत ‘शीर्षकविरहित’ अशी पाटी असलेली चित्रेही पुष्कळ. “विषय न लिहिलेला कागद,” भाऊसाहेब म्हणाले, “आवक बारनिशीतच घेत नाहीत.”

खरा प्रसंग पुढेच होता. संग्रहालयाचे सर्वांत मोठे दालन सुमारे एकशे तीस मीटर लांबीचे, मध्ये एकही खांब नसलेले, आणि ला साल्व्हे पुलाच्या पोटाखालून पार पलीकडे गेलेले. त्यात रिचर्ड सेरा यांची पोलादी शिल्पे ठेवली आहेत: माणसाच्या दुपटीहून उंच, हजार टनांहून अधिक वजनाची, लाटेसारखी कललेली, आणि ठार गंजलेली. त्यांच्या अरुंद वाटांतून चालू लागले की भिंती कधी अंगावर येतात, कधी दूर सरकतात. मती गुंगते, पाय अडखळतात, आणि हातभर अंतरावरच्या माणसाचा आवाज कोठून येतो ते उमगत नाही. भाऊसाहेबांनी पोलादाजवळ नाक नेले. “गंज,” ते म्हणाले. मी सांगितले की हा गंज मुद्दाम येऊ दिलेला आहे. या जातीच्या पोलादावर गंजाचा पहिला थर बसला की तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की तीस वर्षांत शेकडो कंत्राटदारांनी हेच कारण त्यांना सांगितले होते आणि त्या सर्वांची बिले त्यांनी अडवली होती. मग ते एका वर्तुळाकार शिल्पात एकटेच शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. ताई हाका मारू लागल्या, पण हाक त्या पोलादात फिरून ताईंकडेच परत येई. अखेर ते आले ते किंचित डोलत, आणि स्वतःशीच म्हणाले, “एकही भिंत ओळंब्यात नाही. आणि पडत नाही.”

संध्याकाळी नदीकाठच्या बाकावर त्यांनी जबानी घेण्यास प्रारंभ केला.

“काम सुरू कधी झालं?”

“1993च्या ऑक्टोबरात.”

“उद्घाटन?”

“1997च्या ऑक्टोबरात.”

“मुदतवाढ किती वेळा मागितली?”

“मागितली नाही. ठरल्या मुदतीत झालं.”

“खर्च?”

“अंदाज दहा कोटी डॉलरचा होता. त्याच्या आतच काम झालं.”

“सुधारित अंदाजपत्रक?”

“लागलं नाही, भाऊसाहेब.”

यावर ते गप्प झाले. फुलांचा कुत्रा, कांस्याचा कोळी, कोपरा नसलेली इमारत, धुक्याचे शिल्प आणि सरकारी पैशाने जपलेला गंज हे सर्व त्यांनी दिवसभरात एकामागून एक पचवले होते. परंतु सार्वजनिक पैशाची इमारत वेळेत आणि अंदाजपत्रकाच्या आत पुरी होते, ही अमूर्त कल्पना आधुनिक कलेतील कोणत्याही कृतीहून अधिक धाडसी असल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर उमटले होते. त्यांनी शेरेबुकाची मागणी केली. ते मिळण्याजोगे नसल्यामुळे तिकिटाच्या मागे, खात्यातल्या जुन्या वळणदार अक्षरात, त्यांनी आपला शेरा लिहिला आणि खाली सही ठोकली: “समक्ष पाहणी केली. भिंती ओळंब्यात नाहीत. कोपरे आढळले ते अपवादात्मक. लोखंडी काम गंजलेले आहे. तथापि काम मुदतीत व मंजूर रकमेत पूर्ण झाले असल्याने अंतिम बिल अदा करण्यास हरकत नाही.”