घरापुरता जॅक

खडकवासल्यात राहणाऱ्याने जॅक घ्यायचा विचार मोठ्याने बोलून दाखवू नये. गावात धरण. धरणाच्या खालच्या अंगाला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, आमच्या तोंडी सीडब्ल्यूपीआरएस, स्थापना १९१६. पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए. त्यामुळे इथे दोन प्रकारचे निवृत्त लोक हमखास भेटतात. धरणांच्या आणि बंदरांच्या छोट्या प्रतिकृतींतून पाणी सोडून बघण्यात ज्यांचा जन्म गेला ते, आणि पोरांना रांगेत उभं करण्यात ज्यांचा गेला ते. आमच्या इमारतीत दोन्ही आहेत. दोघांनाही दुपारची झोप लागत नाही.

गरज साधीच होती. रविवारी सिंहगडाला निघालेली मंडळी चौपाटीवर कणसं-भजी खायला थांबतात आणि त्यांना वाट देता देता आमची चाकं खडीत उतरतात. पंक्चर ठरलेलं. गाडीबरोबर मिळालेला कैचीचा जॅक आहे, पण त्याची दांडी फिरवताना बोटांची सालं निघतात. मला हवा होता ट्रॉली जॅक. गॅरेजमधला पोऱ्या पायाने ढकलतो ना, तो.

सीडब्ल्यूपीआरएसवाल्या काकांना कुणकुण लागली आणि जिन्यातच तास सुरू झाला.

"कोंडलेल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. पास्कल. लहान दट्ट्या एक सेंटिमीटर व्यासाचा, मोठा तीनचा, म्हणजे जोर नऊपट. दांड्याची तरफ वेगळी."

"म्हणजे फुकटच की, काका."

"फुकट कसं? लहान नऊ सेंटिमीटर दाबाल तेव्हा मोठा एक सेंटिमीटर चढेल. बसा हापसत."

निसर्गातही घासाघीस चालत नाही हे कळल्यावर मी नाना पेठेत गेलो. मोटारीच्या सुट्या भागांसाठी पुण्यात दुसरीकडे जायचं नसतं.

"घरी वापरायला जॅक दाखवा."

"घरी म्हणजे? स्वयंपाकघरात?"

"गाडीसाठी."

"मग तसं बोला. किती टन?"

टनाला गिऱ्हाईक फार हळवं असतं. इमारतीतल्या एनडीएवाल्या सुभेदारसाहेबांनी मला आधीच बजावलं होतं, "तीनच्या खाली उतरायचं नाही." आमची गाडी साडेआठशे किलोच्या आसपास. एक कोपरा उचलताना तिचं सगळं वजनही जॅकवर येत नाही. दोन टनी जॅक त्याला भरपूर झाला. तीन टनीचं स्वतःचंच वजन तीस किलोच्या घरात. तो वर न्यायचा तर लिफ्टमधून एखादं पोर उतरवावं लागेल. पण दोन म्हणताना जीभ जड होते, हे खरं.

खोक्यावर टन ठळक छापलेले असतात. किमान उंची तळाशी, बारीक अक्षरांत. गोम तिथेच आहे. जॅक किती उचलेल हे नंतर. आधी तो गाडीखाली शिरायला तर हवा! मी शिवणाची टेप घेऊन पार्किंगमध्ये पालथा पडलो. येणारा-जाणारा विचारी, "काय हरवलं?" एकाने तर वाकून शोधायलाही सुरुवात केली. दाराखालच्या पत्र्याची कड, जिथे जॅक लावायचा, जमिनीपासून अठरा सेंटिमीटर. चाकातली हवा गेली की तेरा-चौदा. नेहमीचा स्वस्त जॅक साडेतेराचा, वर पत्रा चेपू नये म्हणून रबराची गादी. म्हणजे चाक धडधाकट असताना तो झोकात आत जाणार आणि पंक्चर झाल्यावर बाहेर उभा राहणार. नऊ सेंटिमीटरच्या आत शिरणारे, बुटके आणि लांब जॅक मिळतात. महाग असतात. तोच घेतला. दोन टनी. सुभेदारसाहेब आठवडाभर माझ्याशी तुटक बोलले.

तरीही पहिल्या पंक्चरला कवायत त्यांचीच. "हँडब्रेक! गिअर! समोरच्या चाकाला ठोकळा! नट आधी ढिले, मग जॅक!" सगळं बरोबर होतं, फक्त शेजारच्या इमारतीलाही ऐकू गेलं. जॅकचा हात कमानीत वर जातो, त्यामुळे उचलताना जॅकला स्वतः पुढे सरकावं लागतं. आमच्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत त्याचं चाक अडलं आणि गाडीच जॅककडे यायला लागली. मग खाली जाड प्लाय टाकला.

गाडी वर गेली तसा मी खाली डोकावून बघायला निघालो. काकांनी कॉलर धरली.

"घोडी लावा आधी. आत एक रबरी वायसर सुटला की तेल परत, गाडी खाली. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, त्याच दिवशी आपलं हे दगडी धरणही गेलं. अडवलेलं पाणी असो की तेल, त्याच्या भरवशावर खाली झोपायचं नाही."

त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. मी मुकाट्याने दोन लोखंडी घोड्या आणल्या.

आता जॅकची कीर्ती पसरली आहे. परवा बायको म्हणाली, एवढा आणलाय तर लोखंडी कपाटाखाली लाकडी ठोकळे सरकवून द्या, पुसायला हात जात नाही. काकांनी कपाटाचं वजन अंदाजलं, कुठे जॅक लावला तर पत्रा वाकणार नाही याची कागदावर आकृती काढली आणि म्हणाले, सुरक्षिततेसाठी आधी रिकामं करा. सकाळभर साड्या, फायली, जुनी पासबुकं पलंगावर आली. रिकामं झालेलं कपाट सुभेदारसाहेबांनी आणि मी हातानेच उचललं.