मावशीला नवल वाटत नाही

खोसा लोकांकडे जायचं तर थोडी तयारी हवी. २०१८चा ‘ब्लॅक पँथर’ मी पाहिला होता. त्यातले वाकांडावासी खोसाच बोलतात. १९५९ साली अमेरिकेत आलेल्या मिरियम मकेबाने इथे गाजवलेलं खोसांचं लग्नातलं गाणं ऐकून, टाळूवर जीभ आपटून काढायचे आवाज मी घोटले होते. एडिसनमधले आमचे शेजारी खोसा, मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केपचे. नव्या सुनेच्या स्वागताला त्यांनी बोलावलं, तेव्हा जिना उतरतानाही माझा रियाज चालू होता.

“दाढ दुखतेय का रे?” साताऱ्याहून आलेली मावशी म्हणाली.

सून चटईवर बसली होती. खांद्यावर ब्लँकेट, डोक्याला रुमाल, नजर खाली. सासरच्यांनी तिचं नवं नाव जाहीर केलं आणि बायकांनी घर दणाणून सोडलं. मी भारावलो. मावशी म्हणाली, “आपल्यात तांदळात लिहितात.”

मग सासूबाईंनी आमचं कूळ विचारलं. मंडेलांना ‘मदिबा’ म्हणत ते त्यांच्या कुळावरून, आणि एका कुळात लग्न होत नाही, असं त्या समजावू लागल्या.

“काश्यप,” मावशी म्हणाली. “सगोत्र आपल्यातही चालत नाही, सांग त्यांना.” अमेरिकेत इतकी वर्षं काढली, पण मला गोत्र कोणी विचारलं नव्हतं.

खोसा सून सासऱ्याचं नाव तर घेत नाहीच, त्या नावातली अक्षरं असलेले शब्दही टाळते. हे तरी मावशीला चकित करील, अशी माझी आशा होती.

“माझे मामंजी गोविंदराव,” ती यजमानीणबाईंना थेट मराठीतच सांगू लागली, “म्हणून जन्मभर मी गोवऱ्यांना शेणी म्हणाले.” बाईंनी तिचा हात हातात घेतला. मी भाषांतर करायच्या आधीच.

मग उम्कोम्बोथी आली, मका-ज्वारी आंबवून केलेली बिअर. “ज्वारीची आहे? म्हणजे आपली आंबीलच की!” ही चढते, हे मी तिला सांगणारच होतो, पण तोवर मावशीने दुसरा पेला मागितला होता.

शेवटी लोबोलाचा विषय निघाला. लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी गुरं द्यायची. आता पैसेच देतात, पण हिशेब गुरांतच.

“मुलाकडच्यांनी?” मावशीने पेला खाली ठेवला. “भलतंच काहीतरी!”

मावशीला तीन मुलगे. तिन्ही लग्नांतला मानपान तिने व्याह्यांकडून मोजून घेतला आहे.

“काय म्हणतात त्या?” यजमानीणबाईंनी विचारलं.

बिअर फार आवडली म्हणतात, असं मी सांगितलं.