पुरुषाच्या घड्याळावर बाईचं सुख

एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या कागदांवर एकच मजकूर असतो. ताकद वाढवा, वेळ वाढवा, निराश होऊ नका, खालच्या नंबरवर फोन करा. बाईचा त्यात उल्लेखही नसतो.

या कागदांचा मला राग येतो, कारण ते दोन खोट्या गोष्टी एकाच पुडीत बांधून विकतात. पहिली, शरीरसंबंध म्हणजे पुरुष किती वेळ टिकतो याची परीक्षा. दुसरी, तो टिकला की बाई तृप्त होणारच.

पहिली गोष्ट मोजून झाली आहे. डच संशोधक मार्सेल वाल्डिंगर यांनी पाच देशांतल्या जोडप्यांच्या हाती स्टॉपवॉच दिलं आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. प्रवेशापासून वीर्यपतनापर्यंतचा मध्यक निघाला ५.४ मिनिटं. निम्मे पुरुष त्याच्याही आत मोकळे होतात. अर्धा तास, एक तास या कहाण्या मित्रांच्या बढायांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून येतात, आणि त्या ऐकून धडधाकट तरुण स्वतःला आजारी समजून भोंदूंच्या दारात उभे राहतात.

दुसरी गोष्टही मोजली गेली आहे. अमेरिकेत पन्नास हजारांहून अधिक प्रौढांची एक पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. संबंधात नेहमी किंवा बहुतेक वेळा कामपूर्ती होते असं सांगणारे विषमलिंगी पुरुष होते ९५ टक्के, तर विषमलिंगी स्त्रिया ६५ टक्के. स्त्रियांशीच संबंध ठेवणाऱ्या स्त्रियांमध्ये मात्र हाच आकडा ८६ टक्के होता. हे तीन आकडे शेजारी ठेवून बघा. बाईचं शरीरच अवघड, तिला वेळच फार लागतो, तिचं काही सांगता येत नाही, ही सगळी कारणं इथे गळून पडतात. शरीर तेच आहे. बदललाय तो फक्त जोडीदार, आणि त्याच्याबरोबर बदललंय स्पर्शाचं ठिकाण आणि दिलेलं लक्ष.

ठिकाणाचंच आधी बोलू. गर्भात मुलगा आणि मुलगी यांची बाह्य जननेंद्रियं एकाच उंचवट्यापासून घडतात. मुलात त्याचं शिश्न होतं, मुलीत शिश्निका, म्हणजे क्लिटोरिस. पुरुषाला शिश्नाचा स्पर्श टाळून सुख मिळव असं कुणी सांगत नाही. बाईला मात्र पिढ्यान्‌पिढ्या नेमकं तेच सांगितलं गेलं. योनिमार्गाच्या आतल्या भागात संवेदना तुलनेने कमी असते. मज्जातंतूंची दाटी शिश्निकेत आहे. म्हणून नुसत्या प्रवेशाने अनेक स्त्रियांची कामपूर्ती होत नाही. हा दोष नव्हे, ही शरीररचना आहे.

या रचनेलाच दोष ठरवणारा माणूस साधासुधा नव्हता. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये मांडलं की मुलगी प्रौढ होते तसं तिचं सुख शिश्निकेकडून योनीकडे सरकायला हवं. ज्यांचं सरकलं नाही त्या अपरिपक्व ठरल्या. या सिद्धांताची किंमत काय पडली ते मारी बोनापार्ट या बाईंच्या आयुष्यात दिसतं. नेपोलियनच्या घराण्यातली ही श्रीमंत, बुद्धिमान स्त्री, ग्रीसच्या राजपुत्राची पत्नी. संबंधात आपल्याला तृप्ती का मिळत नाही, या प्रश्नाने ती झुरत होती. तिने २४३ स्त्रियांची मापं मिळवली, शिश्निका योनीपासून किती लांब आहे याचा तिथल्या सुखाशी संबंध लावला आणि १९२४ मध्ये टोपणनावाने लेख छापला. मग १९२७ मध्ये तिने व्हिएन्नाच्या शल्यचिकित्सकाकडून स्वतःची शिश्निका जागेवरून हलवून योनीजवळ आणवली. उपयोग झाला नाही. तिने पुन्हा शस्त्रक्रिया करून घेतली.

बाई स्वतःच्या मांसावर सुरी चालवून घेते, पण संबंध करण्याची रीत बदलावी हे कुणाच्या मनात येत नाही! स्पर्शाची जागा बदलणं इतकं सोपं असताना अवयवाचीच जागा बदलायला निघालेलं ते वैद्यक. मला हे वाचून आजही अस्वस्थ व्हायला होतं, कारण त्या सुरीमागचा विचार अजून मेलेला नाही. ‘तुझ्यातच काहीतरी कमी आहे’ हे वाक्य आपल्याकडच्या किती शयनगृहांत बोललं जातं, याचा अंदाज कुठल्याही समुपदेशकाला विचारा.

बरं, हा अवयव केवढा आहे हे तरी ठाऊक होतं का? ऑस्ट्रेलियाच्या मूत्रविकारतज्ज्ञ हेलन ओ’कॉनेल यांनी १९९८ मध्ये शवविच्छेदनांवरून दाखवून दिलं की पाठ्यपुस्तकांतलं वर्णन अपुरं आणि चुकीचं आहे. बाहेर दिसतं ते केवळ टोक. उरलेला मोठा भाग आत, जघनास्थीला धरून, मूत्रमार्ग आणि योनिमार्गाच्या दोन्ही बाजूंनी पसरलेला असतो. माणूस चंद्रावर जाऊन येऊन तोवर एकोणतीस वर्षं झाली होती.

उत्तेजनाचा क्रम मात्र बराच आधी नोंदला गेला. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी सेंट लुईसच्या प्रयोगशाळेत ३८२ स्त्रिया आणि ३१२ पुरुष यांच्या शरीरातले बदल तपासले. त्यांचं पुस्तक १९६६ मध्ये आलं. रक्तप्रवाह वाढतो, स्नायू ताणतात, कळस येतो, मग सगळं ओसरतं. कळसाच्या वेळची पहिली आकुंचनं दोघांतही साधारण ०.८ सेकंदांच्या अंतराने होतात. फरक पुढे आहे. पुरुषाला त्यानंतर विश्रांतीचा काळ लागतो, वयानुसार काही मिनिटं ते काही तास, कधी त्याहून जास्त. स्त्रीला तसा सक्तीचा थांबा नसतो. तो कूस बदलून घोरायला लागतो तेव्हा तिचं शरीर अनेकदा वाटेतच असतं.

एक भर कॅनडाच्या रोझमेरी बॅसन यांनी २००० मध्ये घातली. इच्छा आधी आणि उत्तेजन नंतर, हा क्रम सगळ्यांना लागू नाही. विशेषतः दीर्घ सहजीवनात अनेक स्त्रियांना जवळीक आणि स्पर्श सुरू झाल्यावर इच्छा जागते. तेव्हा ‘हिला कधी वाटतच नाही’ ही तक्रार करण्याआधी नवऱ्याने दिवसभरात आपण तिच्याशी कसे वागलो ते आठवावं. आणि हे वाचून ‘सुरुवात केली की होईल तिला इच्छा’ असा जबरदस्तीचा परवाना कुणी काढू नये. तिने नको म्हटलं की विषय संपला.

हे सगळं पश्चिमेचं खूळ आहे म्हणणाऱ्यांनी घरातलं पुस्तक उघडावं. वात्स्यायनाने कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणात स्त्रीचं सुख कसं असतं यावर औद्दालकी आणि बाभ्रव्यांच्या मतांचा चक्क वाद मांडला, आणि तिला आधी तृप्ती लाभेल असं पुरुषाने वागावं हा निष्कर्ष काढला. आणि र. धों. कर्वे? त्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं आणि स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे हे छापून सांगितलं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही दंड झाला. त्याच महाराष्ट्राने २००७ मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण रोखलं. मुलांनी शिकणं थांबवलं नाही. त्यांनी फक्त शिक्षक बदलला, आणि नवा शिक्षक त्यांच्या खिशात चोवीस तास असतो.

पुरुषांचीही यात फसवणूकच होते. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे कित्येक थेंब, ही भीती घेऊन पोरं सुकतात. या भीतीच्या आजाराला डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्येच ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. वीर्याचा बहुतेक भाग म्हणजे प्रोस्टेट आणि वीर्यकोश यांनी तयार केलेला द्रव. तो पुन्हा तयार होतो. कामपूर्ती आणि वीर्यपतन याही दोन वेगळ्या घटना आहेत. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी किंवा शस्त्रक्रियेनंतर वीर्य बाहेर न येता सुख मात्र जाणवतं. आजोबांना हे आधीच सांगितलं तर ते घाबरणार नाहीत.

सांगायचं कुणी? मधुमेहाच्या ओपीडीत पाय तपासतात, डोळे तपासायला पाठवतात. ताठरतेबद्दल विचारत नाहीत. मधुमेह त्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू खराब करतो, आणि ताठरता कमी होणं ही कधीकधी हृदयविकाराची पूर्वसूचना असते, तरीही. स्त्रीरोगतज्ज्ञ मुलं किती, पाळी कधी, हे विचारतात. संबंधाच्या वेळी दुखतं का, रजोनिवृत्तीनंतर कोरडेपणा आहे का, हे फार थोडे विचारतात. नैराश्यावरची गोळी लिहून देताना त्या गोळीने कामपूर्ती लांबू शकते हेही क्वचितच कुणी बोलतं, आणि पेशंट गुपचूप गोळी सोडतो. डॉक्टरांनी या दोन-तीन प्रश्नांसाठी मिनिटभर काढावं. त्यांनी काढलं नाही तर तुम्ही विचारा, केसपेपर हातात असतानाच. त्यांनी हसण्यावारी नेलं तर दुसरा डॉक्टर गाठा.