फराळाचा क्रिटिकल पाथ : कर्त्या पुरुषासाठी मार्गदर्शिका

दिवाळीचा फराळ दरवर्षी वेळेवर होतो. पण तो कोणत्याही शास्त्रीय नियोजनाशिवाय होतो, ही बाब घरातल्या कर्त्या पुरुषाला शोभणारी नाही. ती उणीव या मार्गदर्शिकेने भरून निघावी. साहित्य : एक लॅपटॉप, एक आरामखुर्ची आणि चहा (मागवावा).

स्वयंपाकघरात कोणी शंका घेतलीच, तर आधी इतिहास सांगावा. क्रिटिकल पाथ पद्धत १९५७च्या सुमारास अमेरिकेत जन्मली. ड्यूपाँट या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी कारखान्यांच्या कामांचे वेळापत्रक युनिव्हॅक संगणकावर बसवले. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ नावाची तिची चुलतबहीण आणली. क्षेपणास्त्राला जे चालते ते चकलीला चालायला हरकत नसावी.

पायरी १ : कामे सुटी करा
‘फराळ करणे’ हे काम नव्हे, तो संकल्प आहे. यादीत ‘तांदूळ भिजवणे’, ‘भाजणी दळून आणणे’ अशी कामे हवीत आणि प्रत्येकापुढे दिवस हवेत. दिवस स्वतः ठरवू नयेत, विचारावेत. विचारताना ‘अंदाजे किती मॅनडेज?’ असे म्हणू नये. मी म्हटले होते.

पायरी २ : कशाआधी काय, ते जोडा
अनारसे : तांदूळ भिजवणे (रोज पाणी बदलून) ३ दिवस, निथळून, सावलीत कोरडे करून, दळून गूळ मिसळणे १, गोळा मुरवणे ५, तळणे १. एकूण १०.
चकली : धान्य धुऊन वाळवणे २, भाजणे १, दळणे १, चकल्या पाडून तळणे १. एकूण ५.
चिवडा : पोह्यांना ऊन दाखवणे १, फोडणी १. एकूण २.

पायरी ३ : सर्वांत लांब साखळी शोधा
आपल्याकडे ‘क्रिटिकल’ हा शब्द आयसीयूच्या दाराशी ऐकू येतो. इथे अर्थ वेगळा : जी साखळी सर्वांत लांब, ती क्रिटिकल. फराळ लवकरात लवकर कधी होईल, हे तीच ठरवते. म्हणजे आपल्या घरी सर्वेसर्वा अनारसा. त्यात एक दिवस चुकला की दिवाळी एक दिवस चुकली.

पायरी ४ : शेवटाकडून उलटे मोजा
नरकचतुर्दशीच्या पहाटे ताट हवे, म्हणजे तळण त्रयोदशीला. तिथून दहा दिवस मागे गेलो की आश्विन वद्य चतुर्थी येते. तांदूळ संकष्टीला पाण्यात पडलेच पाहिजेत. सावधान : मध्येच एखाद्या तिथीचा क्षय असला तर पंचांग आपला एक दिवस गिळते, आणि परदेशी सॉफ्टवेअरमध्ये क्षयतिथीची सोय नसते. कॅलेंडर भिंतीवरचेच वापरावे.

पायरी ५ : फ्लोट काढा
ज्या कामाला उशीर झाला तरी शेवट हलत नाही, त्याच्या ऐसपैसपणाला फ्लोट म्हणतात. चिवड्याला ८ दिवस, चकलीला ५. मात्र हा फ्लोट अख्ख्या साखळीचा सामाईक असतो, एकाच कामाच्या नावावर नसतो. एकाने तो खाल्ला की पुढच्यांना उपास.

संपूर्ण प्रकल्पात माझ्याकडे एकच काम होते : भाजणी दळून आणणे. धान्य वेळेत धुतले, वाळवले, भाजले गेले. डबा दाराशी आला. ‘आज जाता का?’ असे विचारल्यावर मी तक्ता दाखवला : पाच दिवस फ्लोट आहे. ते मी एकेक करून सावकाश वापरले. पाचव्या दिवशी गिरणीत गहू चालू होता. गव्हावर भाजणी दळायची नाही, डाळीवरच दळून आणायची, हा नियम युनिव्हॅकलाही मोडता आला नसता. मी थांबलो. पीठ द्वादशीच्या रात्री घरी आले. त्या क्षणी चकलीही क्रिटिकल झाली.

पायरी ६ : पैसे ओतून वेळ वाचवा
याला क्रॅशिंग म्हणतात. चुकीचे क्रॅशिंग : दुकानातून चिवडा आणणे. पैसे जातात, पण अनारसा जागचा हलत नसल्याने एक दिवसही वाचत नाही. बरोबर क्रॅशिंग : अनारशाचे तयार पीठ आणणे. दहा दिवसांचा एक होतो आणि क्रिटिकल पाथ उडी मारून चकलीवर जातो. पण गोळा मुरण्याआधीच तळून घाई करू नये, जाळी पडत नाही. गुळाचे प्रमाण वाढले तर अनारसा तुपात विरघळून पसरतो. त्याला ‘अनारसा हसला’ म्हणतात. तो कोणाला हसतो, हे तक्त्यात लिहू नये.

पायरी ७ : हात मोजा
हे मूळ पद्धतीत राहून गेले आहे. तक्त्यावरच्या साखळ्या शेजारी शेजारी चालतात, कारण प्रत्येक कामाला माणूस आहे असे तक्ता धरून चालतो. आमच्या तक्त्यावर धनत्रयोदशीच्या संध्याकाळी अनारसे आणि चकल्या समांतर रेषांत सुंदर दिसत होत्या. स्वयंपाकघरात मात्र तुपाची एक कढई होती, तेलाची एक होती आणि दोन्हींसमोर एकच बाई उभी होती. तिच्या नावापुढे मी कुठेही फ्लोट लिहिलेला नव्हता. तिचे नावच लिहिलेले नव्हते.

असे झाल्यास लॅपटॉप मिटावा. तुमच्या हातात सोऱ्या दिला जाईल. पीठ घट्ट असेल आणि तळवे दुखतील. ‘किती राहिल्या?’ असे विचारू नये. दाबत राहावे. या कामाला फ्लोट नाही.