पंखराव

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदकाचं ताट हातात आल्यावरही जो गृहस्थ आधी उद्या सकाळच्या वाऱ्याचा अंदाज सांगतो, तो पंखराव समजावा. अमेरिकेच्या मिडवेस्टात, जिथे मैलोन्‌मैल मका आणि मधूनच एखादी गवताची धावपट्टी, तिथे ही जमात चांगली पोसते. वय पन्नाशीच्या पुढे, मुलं कॉलेजात, घराचं कर्ज फिटत आलेलं आणि गुडघ्यांनी टेनिसला नकार दिलेला. या वयात बाकीची मंडळी गीतेच्या वर्गाला जातात किंवा कुंडीतला कढीपत्ता थंडीत जगवायच्या मागे लागतात. पंखराव ट्राइक घेतात.

ट्राइक म्हणजे तीन चाकांचा सांगाडा, त्यावर पुढेमागे दोन सीटा, पाठीशी इंजिन आणि प्रॉपेलर, आणि हे अख्खं बिऱ्हाड डोक्यावरच्या कापडी विंगला एका बोल्टाने लटकवलेलं. शेपूट नाही, सुकाणू नाही. हातात एक आडवा बार. तो पुढे ढकलला की नाक वर जातं आणि वेग कमी होतो, पोटाशी ओढला की वेग वाढतो. उजवीकडे ढकलला तर तुमचं वजन डावीकडे सरकतं आणि ट्राइक डावीकडे वळते. जमिनीवर पुढचं चाक पायाने वळवायचं, तेही उलटंच. हे सगळं पंखराव मठ्ठ्याचा पेला बार म्हणून हातात धरून समजावतात, त्यामुळे त्यांच्या शेजारी कोणी पांढरा कुर्ता घालून बसत नाही.

ऐकणाऱ्यांतल्या काहींना चेव येतो आणि ते राईडसाठी नाव नोंदवतात. पण असल्या यंत्रावर ‘एक्सपेरिमेंटल’ हा शब्द दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहिलेला असतो, नियमच आहे तसा, आणि नाव नोंदवलेल्या सर्वांना इंग्रजी वाचता येतं. धावपट्टीपर्यंत आलेल्यांपैकी बरेच जण फोटो काढून परत जातात.

मंडळात कोणीतरी हटकून विचारतो, ‘‘विजयपत सिंघानिया लंडनहून दिल्लीला आले होते ना, अशाच खेळण्यातून?’’ पंखराव घास थांबवतात. ‘‘आले होते. १९८८ साली, २३ दिवसांत. मोठा माणूस. पण त्यांचं मायक्रोलाइट ताठ पंखांचं होतं, विमानासारखं दांड्यावर चालणारं. वजन सरकवत जग फिरला तो ब्रायन मिल्टन. १९९८. एकशेवीस दिवस.’’ आणि मग अशा नजरेने बघतात, जणू रजा मिळाली असती तर एकशेएकविसाव्या दिवशी तेही पोचले असते.

इथवरचे पंखराव निरुपद्रवी. खरा नमुना बघायचा तो नवी विंग आल्यावर.

जुनी विंग १९ चौरस मीटरची होती. हळू उडायची, हळू उतरायची, चुकलं तरी सांभाळून घ्यायची. पंखराव तिच्यावरच सगळं शिकले. पण एका रविवारी धावपट्टीवर कोणीतरी १४ चौरस मीटरची, दुहेरी कापडाची, वरचा खांब नसलेली विंग घेऊन आला, पंखरावांना भर आकाशात मागे टाकून गेला, आणि त्या दिवसापासून जुनीचं नाव ‘तंबू’ पडलं. तंबू वारा खातो. तंबू दुपारच्या हवेत आपटतो. तंबूवर बसून म्हातारी माणसंसुद्धा उडतील. (दंतवैद्य म्हणून निवृत्त झालेला एक गोरा म्हातारा अगदी तसल्याच विंगवर रोज उडतो, आणि तो त्या वेळी शेजारीच उभा होता.)

नवी विंग आली ती घडी घालून, अठरा फूट लांब पिशवीत, ट्रकमधून. गॅरेजात ती सरळ मावेना, म्हणून तिरकी ठेवली. तिरकी ठेवल्यावर गाडी मावेना, म्हणून वहिनींची गाडी बाहेर आली. नोव्हेंबर होता. वहिनी सकाळी काचेवरचा बर्फ खरवडत असताना पंखराव दारात चहा घेऊन उभे राहिले आणि मन रमावं म्हणून त्यांना इतिहास सांगू लागले: या विंगचा मूळपुरुष फ्रान्सिस रोगॅलो, त्याने आणि त्याच्या बायकोने, गर्ट्रूडने, १९४८ साली पहिलं यशस्वी मॉडेल उडवलं ते स्वयंपाकघरातल्या पडद्याच्या कापडाचं; पुढे नासाने जेमिनी यान उतरवायला हाच पंख वापरता येईल का ते बघितलं आणि शेवटी पॅराशूटच बरं म्हणून नाद सोडला.

‘‘सोडला ना?’’ वहिनी म्हणाल्या, आणि खरवडत राहिल्या.

हिवाळाभर पंखराव वाचत होते. विंगबरोबर आलेलं पुस्तक, त्यातला प्रत्येक नट, त्याचा प्रत्येक फेरा. विंगला आकार देणाऱ्या ॲल्युमिनियमच्या लांब, बारीक नळ्या असतात, त्यांना बॅटन म्हणतात. डाव्या अंगाच्या वेगळ्या, उजव्याच्या वेगळ्या. त्यांची वक्ररेषा कागदावर खऱ्या मापात छापून येते. पंखरावांनी तो कागद दिवाणखान्यात सोफ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत अंथरला आणि एकेक बॅटन त्यावर ठेवून, जमिनीला गाल लावून, एक डोळा मिटून तपासला. जिथे मिलिमीटरभर फरक दिसला तिथे बॅटन गुडघ्यावर घेऊन, जीभ किंचित बाहेर काढून, अलगद दाबला. पुन्हा कागदावर. पुन्हा गुडघ्यावर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्या कागदाच्या कडेकडेने चालत देव्हाऱ्यापर्यंत गेल्या आणि तशाच परत आल्या. एकीने वाकून नमस्कारही केला. कोणाला, ते कळलं नाही.

मग एप्रिलमधली एक पहाट. विंडसॉक मरगळून लोंबतोय, गवतावर दव. धावपट्टीच्या कडेला सल्लागार मंडळ हजर: दंतवैद्य, मक्याचा शेतकरी, डिझेलचा मेकॅनिक. एरवी या तिघांना वर्षभर उपदेश करतात ते पंखराव, आणि आज उपदेश ऐकून घ्यायची पाळी त्यांची. मला वाटतं, पंखराव पडायला भीत नाहीत. भितात ते पुन्हा नवशिका दिसायला. दंतवैद्य म्हणाला, ‘‘बार सैल धर. ही चटकन कलते. तू डावीकडे दुरुस्ती करशील तोवर ती उजवीकडे गेलेली असेल.’’ पंखराव म्हणाले, ‘‘माहितीये.’’ शेतकरी म्हणाला, ‘‘जास्त धावेल.’’ ‘‘माहितीये.’’ मेकॅनिकने मागची सीट रिकामी आहे ना ते बघितलं आणि लटकणीचा बोल्ट, त्याची पिन आणि राखीव पट्टा हाताने चाचपला. तेवढं मात्र पंखरावांनी करू दिलं, आणि तो वळल्यावर स्वतः पुन्हा चाचपलं.

जुनी विंग ज्या झुडपापाशी जमीन सोडायची ते झुडूप आलं आणि गेलं. नवी धावतच होती. पंखरावांचा उजवा पाय थ्रॉटलवर, नजर कुंपणावर. मग एकदम, सांगितल्यासवरल्याशिवाय, ती वर गेली. चांगली गेली. आणि मक्याच्या शेतावर पोचल्यावर डावीकडे कलली. पंखरावांनी ढकललं, ती उजवीकडे कलली. पुन्हा ढकललं. खालून बघणाऱ्या तिघांच्या माना डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. दंतवैद्याच्या हातात रेडिओ होता. ‘‘ठीक आहेस ना?’’

‘‘मस्त!’’ उत्तर आलं. तोंडात कापसाचे बोळे असताना पेशंट ‘काही दुखत नाही’ म्हणतो, तसा आवाज. दंतवैद्याने तो ओळखला. ‘‘सैल,’’ एवढंच म्हणाला. थोड्या वेळाने झोके थांबले. हात सैल केले की दमले, ते पंखरावच जाणोत.

३००० फुटांवर जाऊन त्यांनी शिस्तीत बार हळूहळू पुढे ढकलला, विंग कुठल्या वेगाला हार मानते ते बघितलं, मांडीला बांधलेल्या वहीत आकडा लिहिला, त्याला १.३ ने गुणलं आणि उतरायचा वेग काढला. गणित बरोबर होतं. पंखरावांचं गणित नेहमी बरोबर असतं. प्रश्न धावपट्टीचा होता. दुहेरी कापडाची विंग तरंगते फार, आणि जमिनीजवळ आल्यावर तर तिला खाली बसायचंच नसतं. पहिल्या खेपेला पंखराव सल्लागार मंडळासमोरून, कमरेएवढ्या उंचीवरून, सरळ समोर बघत, तरंगत निघून गेले. शेतकऱ्याने हात हलवला. त्यांनी हलवला नाही. फुल थ्रॉटल, पुन्हा वर. दुसऱ्या खेपेलाही तसंच; फक्त आता शेतकऱ्याने हात हलवला नाही. पुढच्या वेळी ते इतक्या लांबून आणि इतक्या खालून आले की मेकॅनिकने टोपी काढून हातात घेतली. पण चाकं टेकली, नीट टेकली, आणि कुंपणाच्या आत थांबली.

इंजिन बंद झालं तरी बोटं बारवरून सुटायला वेळ लागला. मग पंखराव उतरले, हेल्मेट काढलं, आणि सुरू झाले. कलत होती? ‘‘कलत नव्हती, मी कलवून बघत होतो. प्रतिसाद तपासायचा असतो.’’ वरून दोनदा गेलात ते? ‘‘जमीन तिला दाखवायची असते आधी.’’ आणि ती सतत थोडी डावीकडे ओढते आहे, हे तर मलाही खालून दिसलं होतं. दंतवैद्य म्हणाला, ‘‘टोकाशी पाव फेरा दिलास तर सरळ होईल.’’ नव्या विंगचं असं होतंच, त्यात लाज काही नाही. त्यासाठीच तिथे फिरवायची सोय ठेवलेली असते.

‘‘सरळ कशाला?’’ पंखराव म्हणाले. ‘‘उतरताना धावपट्टीला घिरटी डावीच घालतात. कंपनीने विचार करून केलंय.’’

तो पाव फेरा पुढच्या रविवारपर्यंत कोणीतरी दिलेला होता. कोणी, हे कोणी विचारलं नाही.

नवी विंग हँगरमध्ये गेली आणि जुनी घडी होऊन गॅरेजात, तिरकी. ‘‘विकेपर्यंत,’’ पंखरावांनी वहिनींना सांगितलं होतं. मे महिन्यात गिऱ्हाईक आलंही. पलीकडच्या गावातला पोरगा, नुकता शिकलेला, खिशात पैसे घेऊन आलेला. त्याने पिशवीची चेन उघडून कापडावरून हात फिरवला आणि सहज विचारलं, ‘‘जरा मंद आहे म्हणतात?’’

‘‘मंद?’’ पंखराव म्हणाले. पुढे तासभर त्यांनी तिचे गुण सांगितले. संध्याकाळच्या हवेत ती कशी जागच्या जागी तरंगल्यासारखी चालते, इंजिन बंद पडलं तर घरामागच्या अंगणातसुद्धा कशी उतरेल, हिचं कापड आता मिळत नाही, असं शिवणारी माणसंही उरली नाहीत. तंबू हा शब्द निघाला नाही. पोरगा भारावून गेला आणि त्याने पैसे पुढे केले. पंखरावांनी चेन लावून टाकली.

‘‘थोडे दिवस राहू दे,’’ ते वहिनींना म्हणाले. ‘‘शांत हवेला एक आणि वाऱ्याला एक, अशा दोन लागतातच माणसाला.’’

‘‘मग माझ्या गाडीला छप्पर कधी?’’

पंखरावांनी मान वर करून गॅरेजची तुळई बघितली, पावलं मोजली आणि म्हणाले, ‘‘वरून टांगली तर मावेल. एक बोल्ट पुरेल.’’